खंडेनवमीला राहिलेली पानं

देवासच्या टेकडीखालच्या गल्लीत उदाजीरावाचं नाव निघालं की बोलणारा आधी मागं वळून बघतो. तरणी पोरं त्याला 'उदाजी भिया', म्हणजे उदाजीभाऊ, म्हणतात, कोपऱ्यावरचा पानवाला त्याच्याकडून पानाचे पैसे घेत नाही, आणि कुठं भांडण पेटलं तर 'उदाजीला बोलवू का?' एवढं विचारलं तरी निम्मे लोक घरी जातात. एवढा दरारा कमवायला माणसानं काय करावं? उदाजीनं एका वाचत बसलेल्या माणसाचा डोळा फोडला होता. लोक कशाचा मान ठेवतील याचा काही नेम नाही.

घराणं मोठं. पणजोबा दरबारात शिलेदार होते, हत्तीवरून मिरवले होते, असं घरात सांगत. दरबार गेला, हत्ती गेला, जमिनी वकिलांच्या घशात गेल्या; मागं उरली एक तलवार आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो सगळा पीळ उदाजीच्या वाट्याला आला. हिंदी शाळेत गुरुजींनी छडी मारली, तर त्यानं ती हिसकून गुरुजींच्याच पाठीवर मोडली आणि शाळा तिथंच संपली. पुढं मंडीत हमालांशी मारामारी, बसस्टँडवर कंडक्टरशी मारामारी, चुलत बहिणीच्या वरातीत बँडवाल्याशी मारामारी. एकाचं मनगट त्यानं मोडलं ते केवळ तो हसला म्हणून. तो दुसऱ्याच कुणाला तरी हसला होता, हे नंतर कळलं.

याच गल्लीच्या तोंडाशी मराठी वाचनालय आहे. जुन्या काळी दरबारी घराण्यांनी आणि कारकून मंडळींनी मिळून वर्गणी काढली आणि ते उभं केलं, त्यामुळे तिथल्या रीतीही दोघांच्या. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घराघरातल्या तलवारी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत आणून चौरंगावर मांडायच्या आणि शेजारी कपाटातली उत्तम पुस्तकं रचायची. शस्त्रांची आणि सरस्वतीची एकच पूजा. हळदकुंकू, झेंडू, समई. मग दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत ना कुणी तलवारीला हात लावायचा, ना पुस्तकाला. त्या दिवशी वाचन बंद. ज्यांनी वर्षभर पुस्तक उघडलेलं नसे, ते हा नियम फार कडक पाळत. पूजेवर पहारा असे तलवारवाल्या घरातल्या तरण्या मुलाचा, आणि तो मोठा मान होता.

शहाण्णव साली तो मान उदाजीला मिळाला. अंगावर नवा सदरा, डोक्याला फेटा, छाती बाहेर.

त्या वर्षी उमाशंकर मास्तरांची पंचाईत झाली होती. मास्तर सरकारी शाळेत शिकवायचे, गल्लीतच राहायचे. लहानपणी विटी लागून एक डोळा गेलेला. उरलेल्या डोळ्यानं माणूस दोन डोळ्यांचं वाचून काढायचा. तेव्हा ते एक कादंबरी वाचत होते, पुरात वाहून गेलेल्या भावाला नर्मदेच्या काठाकाठानं शोधत फिरणाऱ्या एका नावाड्याची. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलेलं, आणि नेमकं तेच पुस्तक भैयासाहेबांनी उचलून पूजेच्या ढिगात घातलं. भैयासाहेब म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष आणि उदाजीचे चुलते.

दुपारी सगळे जेवायला गेले. मास्तर आत आले, पूजेला नमस्कार केला, झेंडूची फुलं हलकेच बाजूला सारून पुस्तक काढलं आणि खिडकीशी बसून वाचायला लागले. उदाजी मागच्या नळावरून पाणी पिऊन परत आला, तर समोर हे.

"मास्तर, ठेवा ते."

"पान पुरं करू दे."

"पूजेतलं आहे ते! ठेवा म्हणतो ना!"

तेवढ्यात भैयासाहेब आणि आणखी चारजण दारात येऊन उभे राहिले. भैयासाहेब ओरडले, "अरे, पूजा बाटवली यानं! बघत काय राहिला, उदाजी? पहारा कशाला बसवला तुला?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. त्यांनी पान उलटलं.

त्या पान उलटण्यानं उदाजीचं डोकं फिरलं. दारातल्या माणसांचे डोळे त्याच्यावर होते, आणि हा मास्तर जणू खोलीत कुणी नसल्यासारखा वाचत होता. उदाजीनं चौरंगावरची घराण्याची तलवार म्यानासकट उचलली आणि तिची लोखंडी मूठ मास्तरांच्या तोंडावर हाणली. गालाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या फटक्यानं नाक गेलं. तिसरा डोळ्यावर बसला, जो धड होता त्याच. रक्ताची चिळकांडी उघड्या पुस्तकावर उडाली. मास्तर किंचाळले नाहीत. ते जमिनीवर दोन्ही हातांनी पुस्तक चाचपडत होते. आणि तलवारीलाही हात लावायचा नसतो, हे त्या पाचजणांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

उदाजीला सहा वर्षांची सजा झाली. भैयासाहेबांनी साक्षीत सांगितलं की आपण त्या वेळी घरी जेवत होतो.

तुरुंगात पहिल्याच आठवड्यात त्याच्या बरगड्या मोडल्या. मग आधी आपण मारायचं, हे तो शिकला. दुसरं काही तिथं शिकवत नव्हते. सुटल्यावर देवासला तोंड दाखवायचं जिवावर आलं, म्हणून धामनोदला गेला. हायवेवरच्या एका ढाब्यावर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या ड्रायव्हरांना उचलून बाहेर फेकायचं काम मिळालं. एकानं टायर खोलायची लोखंडी टामी घालून त्याचं डोकं फोडलं. त्यानं त्याच टामीनं दोघांची फोडली. मालक खूश झाला. धारच्या एका घरानं, घराण्याचं नाव बघून, मुलगी दिली. तिचं नाव भवानीबाई. ढाब्यावर जे करायचा ते तो घरीही करू लागला, आणि मुलगा रणवीर ते बघत बघत मोठा झाला. वडील वारले तेव्हा उदाजी बायकोमुलाला घेऊन देवासच्या घरी परतला आणि बघतो तो काय, गल्लीनं त्याला डोक्यावर घेतलं.

त्या मानाची चव त्याला काही वर्षं गोड लागली. मग एक दिवस रणवीर कॉलेजातून आला, शर्टवर रक्त, मुठीला गुंडाळलेला पट्टा, पट्ट्याच्या बकलाला चिकटलेला कातडीचा तुकडा. मागं चार मित्र. रणवीर अंगणातच फुशारकी मारू लागला, "फक्त दात पाडले यार. पप्पांनी तर मास्तरचा डोळाच काढला होता!"

मित्र हसले. उदाजीनं हात उगारला. रणवीर मागं सरला नाही, डोळेही मिटले नाहीत. बापाकडे बघून तो हसला, जणू हीच शाबासकी त्याला हवी होती. खाण तशी माती! उदाजीचा हात वरच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला लाज वाटली, अशी की अन्न गिळेना.

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयाच्या पायऱ्या चढला.

मास्तरांचा डोळा गेल्यावर वाचनालयाच्या किल्ल्या त्यांच्या बायकोनं हाती घेतल्या होत्या. सगळे तिला माई म्हणत. पुस्तकं झटकायची, नोंदवायची, वाळवी लागली तर उन्हात घालायची, आणि दुपारी नवऱ्याला वाचून दाखवायचं. माईनं उदाजीला दारात पाहिलं. पायातली चप्पल काढली आणि त्याला बडवायला सुरुवात केली. तोंडावर, कानावर, मानेवर. साठीची बाई, पण जोर केवढा! ओठ फुटला तरी उदाजी हलला नाही. शेवटी माईच दमली आणि खाली बसून रडायला लागली.

"कोण आहे?" खिडकीजवळून मास्तरांनी विचारलं.

"उदाजी. माफी मागायला आलोय."

"ती ठेव खिशात. मला काय करायची आहे? वाचता येतं का तुला?"

"हिंदी... थोडं थोडं."

"उद्यापासून दुपारी यायचं. मराठी वाचून दाखवायचं. तुझ्यामुळं हिचा घसा गेला इतकी वर्षं वाचून." मास्तरांनी हातातली काठी जमिनीवर आपटली. "चुकलास की ही."

म्हणाले ते त्यांनी खरं केलं. अक्षरं उदाजीच्या ओळखीची होती, पण वाक्यं लांब, शब्द जुने. घरात बोलायची मराठी निराळी आणि छापलेली निराळी. अडखळला की काठी. वाक्य मध्येच तोडलं की काठी. आंधळ्या माणसाचा नेम बघावा, फटका बरोबर नडगीवर! पन्नाशी ओलांडलेला गडी, ज्यानं गुरुजींच्या पाठीवर छडी मोडली होती, तो आता मुकाट्यानं मार खाऊन तीच ओळ परत वाचत होता. संध्याकाळी भवानीबाई त्याच्या पायांवरच्या वळांना हळद लावायची. एकदा लावता लावता ती म्हणाली, "आता कळलं कसं लागतं ते?" उदाजीनं मान खाली घातली. त्यानंतर त्यानं तिच्यावर हात टाकला नाही.

वाचनालयात तोवर फक्त पेपर चाळणारे म्हातारे यायचे. उदाजी मार खातो ही बातमी पसरली तशी तमाशा बघायला माणसं आली आणि गोष्ट ऐकत बसली. बायका मटार सोलायला घेऊन आल्या. हिंदी शाळेत शिकलेल्या मुली, ज्यांना मराठी पान वाचायचं म्हणजे डोंगर, त्या कानांनी सगळं समजू लागल्या आणि मग हळूच विचारू लागल्या की हे पुस्तक घरी नेता येतं का. माईनं सतरंज्या घातल्या. बंद पडत आलेली जागा, तिथं बसायला जागा मिळेना. उदाजी स्वतःही एक पुस्तक घरी नेऊ लागला, पिशवीत लपवून, जणू दारूची बाटली.

राग मात्र होता तिथंच. एकदा एक पोरगा त्याच्या उच्चाराला हसला. उदाजीनं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं, दुसरी मूठ मागं घेतली, आणि उदाजीच्याच पाठीत सपकन काठी बसली.

"पुस्तक पडलं खाली," मास्तर म्हणाले. "उचल."

उदाजीनं पोराला सोडून पुस्तक उचललं.

अशी तीन वर्षं गेली. ह्या वर्षी श्रावणात उदाजीनं धीर करून विचारलं, "मास्तर, ते नावाड्याचं पुस्तक... ते वाचू?"

माईनं ते ट्रंकेत ठेवलेलं होतं. पानांवर तपकिरी डाग. इतक्या वर्षांत मास्तरांनी हजार पुस्तकं ऐकली, पण ते शेवटचं प्रकरण कुणाला, माईलासुद्धा, वाचू दिलं नव्हतं.

"वाच," मास्तर म्हणाले. "खंडेनवमीला. पूजेत ठेवू आणि तिथून उचलून वाच."

"दुसरा कोणताही दिवस सांगा. यंदा पहाऱ्यावर कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?"

"रणवीर. माहीत आहे."

"मग?"

"तो दिवस तू माझ्या हातातून काढून घेतला होतास. मला तोच परत पाहिजे. पुढच्या खंडेनवमीची खात्री डॉक्टर देत नाहीत. भीती वाटते?"

"वाटते."

"मलाही वाटली होती. तरी पान उलटलं."

"हट्टी आहे मेला," माई पुटपुटली, पण डोळे पुसून तिनं पुस्तकाला कोरं कव्हर घातलं. आणि उदाजीला त्या दिवसापासून जगात एकच गोष्ट हवी होती, ते प्रकरण या माणसाला शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचं.

खंडेनवमी आली. चौरंगावर तलवारी, पुस्तकं, झेंडू. रणवीर नव्या फेट्यात पहाऱ्याला उभा. ऐंशी पार केलेले भैयासाहेब खुर्चीत. दुपारी बरीच माणसं होती, कारण रोजच्या वाचनाच्या वेळी पाय आपोआप इकडे वळत. माई मास्तरांचा हात धरून त्यांना खिडकीशी घेऊन आली. उदाजीनं पूजेला नमस्कार केला, फुलं बाजूला केली, पुस्तक उचललं आणि मास्तरांच्या समोर बसून वाचायला लागला.

खोलीत कुजबुज उठली. रणवीर पुढं आला. "पप्पा, हे काय करून राहिले तुम्ही? ठेवा ते."

"पान पुरं करू दे."

"सगळे बघून राहिले, पप्पा! माझ्या इज्जतीचा फालूदा करता काय?"

उदाजी वाचत राहिला. नावाडी एका घाटावर पोचला होता. मागून भैयासाहेबांचा म्हातारा, कापरा आवाज आला, "अरे, पूजा बाटवली यानं! रणवीर, पहारा कशाला बसवला तुला?"

शब्दसुद्धा बदलले नव्हते. उदाजीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलाचा हात चौरंगाकडे जाताना पाहिला. तो हात त्याच्या पुरता ओळखीचा होता. मनात आणलं असतं तर त्यानं ते मनगट वरच्या वर धरून पिळलं असतं, एवढी ताकद अजून होती. पण मनगट धरायला पुस्तक सोडावं लागलं असतं. त्यानं पान उलटलं.

तलवारीची मूठ त्याच्या कपाळावर बसली. डोक्यात पांढरा जाळ उठला. बायका किंचाळल्या. दुसरा फटका भुवईवर बसला, कातडी फाटली आणि रक्त धार लागून डोळ्यात, गालावर, पुस्तकावर, जुन्या डागांवर उतरलं. उदाजी वाचत होता. एक ओळ, आणखी एक ओळ. मग अक्षरं लाल झाली, मग दिसेनाशी झाली, आणि तो थांबला.

नडगीवर काठी बसली. "थांबलास का? वाच."

"दिसत नाही, मास्तर."

मास्तरांची काठी हातातून गळाली. ते पुढं वाकले, चाचपडत उदाजीचा चेहरा शोधला आणि ओल्या भुवईवरून, पापणीवरून बोटं फिरवली. माईनं धावत येऊन पदर दाबला, पापणी उघडून बघितली. "भुवई फुटली आहे. डोळा शाबूत आहे हो, शाबूत आहे!"

भैयासाहेब खुर्चीचे हात धरून उठले आणि दाराकडे निघाले.

"बसा भैयासाहेब," माई म्हणाली. "या वेळी तुम्ही इथंच होता. इतक्या सगळ्यांनी बघितलं आहे."

भैयासाहेब बसले.

रणवीर तलवार धरून तसाच उभा होता. हसू कुठल्या कुठं गेलं होतं, ओठ पांढरेफटक पडले होते. बापाचं रक्त त्याच्या नव्या सदऱ्यावर उडालं होतं आणि तो ते दुसऱ्या हातानं पुसत होता, पुसलं तसं ते पसरत होतं.

"चला उदाजी, दवाखान्यात," कुणीतरी म्हणालं.

"प्रकरण पुरं होऊ द्या," उदाजी म्हणाला. "मग कुठंही न्या."

मास्तरांनी जमिनीवरून काठी शोधली आणि माईला म्हणाले, "कोणी मारलं, त्याला बसव इथं."

"मास्तर, मी... मला मराठी वाचता नाही येत," रणवीर म्हणाला.

"तुझ्या बापालाही येत नव्हतं."

माईनं त्याच्या हातातून तलवार काढून घेतली, चौरंगावर ठेवली आणि ओलं पुस्तक त्याच्या हातात दिलं. रणवीर बापाशेजारी मांडी घालून बसला. रक्ताखालचं अक्षर लागेना म्हणून त्यानं बाहीनं पान टिपलं. मग एक एक शब्द फोडत वाचायला लागला, हुंदके देत, आणि दुसऱ्याच शब्दाला चुकला.

काठी सपकन त्याच्या नडगीवर बसली.

"परत," मास्तर म्हणाले.

उदाजीनं भुवईवर तळहात दाबून धरला, डोळे मिटले आणि ऐकू लागला. रणवीरनं ओळ परत वाचली.